विक्रोळी ते परळ : सात स्टेशनांचा प्रवास

वाचकहो, प्रवासवर्णन म्हटले की आपल्याला काश्मीर, उटी, नाहीतर निदान महाबळेश्वर तरी आठवते. आमच्या नशिबी तसला प्रवास फारसा आला नाही. कारकुनाची रजा ती केवढी, आणि त्यातली निम्मी वस्तीच्या कामात जायची. पण २०२३ च्या डिसेंबरपासून पुढच्या काही महिन्यांत आम्ही विक्रोळी ते परळ अशा नऊ फेऱ्या केल्या, त्याही लगेजच्या डब्यातून, मांडीवर वेताची टोपली घेऊन. टोपलीत कुत्र्याचे पिल्लू होते. त्या प्रवासाची ही हकिकत.

आमच्या चाळीच्या जिन्याखाली काळी नावाची कुत्री राहते. राहते म्हणजे कुणाची नाही आणि सगळ्यांची. डिसेंबरात तिला सहा पिल्ले झाली. पाच गुबगुबीत, आणि सहावे मात्र दिवसेंदिवस वाळत चालले. आईला लुचायला जाई, पण लुचताच नाकातून दुधाचे बुडबुडे येत, ठसकत बाजूला पडे. पोरांनी त्याचे नाव ठेवले 'शेंबड्या'. आमच्या मुलीने एके दिवशी त्याचे तोंड उघडून बॅटरीचा उजेड टाकला आणि ओरडली, "बाबा, ह्याला वरचं तोंडच नाही!"

आम्ही पाहिले. टाळूच्या मधोमध, पुढपासून मागपर्यंत, एक उभी फट होती. फटीतून थेट नाकाची पोकळी दिसत होती.

वस्तीतल्या जाणत्या मंडळींनी सल्ला दिला, "दोन दिवसांत जाईल, जाऊ द्या." आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी जुन्या साडीचा तुकडा टोपलीत घातला आणि टोपली आमच्या हातात दिली. आम्ही समजलो.

परळला आम्ही लहानपणापासून ओळखतो, पण ते गिरण्यांचे परळ. आमचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्या संपाबरोबर आमच्यासारख्या हजारो घरांचे दिवस फिरले. आता भोंगे नाहीत. गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर आले. स्टेशनाबाहेर पडले की वर मान करून पाहावे लागते. मात्र एक परळ बदललेले नाही. ते म्हणजे दवाखान्यांचे परळ. १९२६ चे के.ई.एम., १९२९ चे लहान मुलांचे वाडिया, १९४१ चे टाटा, आणि गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात १८९९ पासून असलेली, प्लेगच्या लशीसाठी सुरू झालेली हाफकिन संस्था. अर्ध्या तासाच्या पायपिटीत एवढे सगळे. अख्ख्या महाराष्ट्राचे दुखणे जणू इथे उतरते. फुटपाथवर चटई, स्टोव्ह, औषधाच्या पिशव्या, आणि फायली छातीशी धरून बसलेली माणसे.

याच परळात डॉ. एस. एस. राव रस्त्यावर जनावरांचा दवाखाना आहे. त्याचे पाटीवरचे नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने आहे, पण मुंबईकर त्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात. टॅक्सीवाल्याला पाटीवरचे नाव सांगितले तर तो तुमच्याकडे पाहत राहील. बैलघोडा म्हटले की गाडी सरळ तिथे. हे नाव का पडले, त्याला इतिहास आहे. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कापसाच्या गाठी बैलगाड्यांतून बंदरावर जात. शहराचे सगळे ओझे बैल आणि घोडे ओढत होते, आणि मोडले की रस्त्यावरच मरत होते. त्याच १८७४ साली जनावरांवरील क्रूरता थांबवण्यासाठी मुंबईत संस्था निघाली. पुढे गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने हा दवाखाना उभा करण्यास मदत केली आणि १८८६ मध्ये त्याला लागून पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. घोड्यांच्या ट्रामी १९०५ ला बंद झाल्या, बैलगाड्या गेल्या, गिरण्याही गेल्या. नाव मात्र बैलघोडाच राहिले.

पहिल्या दिवशी आम्ही केसपेपर काढून बाकावर बसलो. जरा संकोच वाटत होता. रस्त्यावरच्या कुत्रीचे पिल्लू, त्यात नाकातून दूध गळणारे. पण आजूबाजूला पाहिले तर एक बाई शेळी घेऊन आलेल्या, एका म्हाताऱ्याच्या हातात पोपट, कोपऱ्यात दोन कॉलेजची पोरे पुठ्ठ्याच्या खोक्यात जखमी घार घेऊन बसलेली. तिथे कुणी कुणाला 'तुमचे कोणत्या जातीचे' असे विचारत नव्हते. विचारले तरी ते कुत्र्याबद्दलच. आम्ही म्हणालो, "गावठी." विचारणारा म्हणाला, "मग टिकेल."

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी पिल्लाचे तोंड पाहिले, छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "टाळू दुभंगलेला आहे. जन्मतःच. ह्याला तोंडात पोकळी धरून दूध ओढता येत नाही. दूध नाकात जातं, तिथून फुप्फुसात गेलं की न्युमोनिया. अशी पिल्लं दगावतात ती बहुधा त्यामुळे."

"मग ऑपरेशन?"

"आत्ता नाही. एवढ्याशा जिवाला भूल झेपणार नाही, आणि शिवायला कातडीही पुरणार नाही. तीन-साडेतीन महिन्यांचा होऊ द्या. तोवर जगवणं तुमच्या हातात आहे."

जगवणे म्हणजे काय, ते त्यांनी दाखवले. बारीक रबरी नळी घ्यायची. पिल्लाच्या नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजून तिच्यावर खूण करायची. मग ती जिभेवरून हळूहळू पोटात सोडायची आणि सिरिंजने दूध द्यायचे. नळी चुकून श्वासाच्या वाटेने गेली तर पिल्लू संपले, म्हणून दूध देण्याआधी खात्री करायची. त्यांनी आमच्याकडून समोर तीनदा करून घेतले. आमचे हात थरथरत होते. सौ.चे नाही.

दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आम्ही दहाचा आणि पहाटे चारचा डबा पाहत असू, मधला एकचा सौ. पाहत. आम्ही पडलो बी. कॉम.चे माणूस. वही घातली आणि जमाखर्च मांडला. किराणा दुकानदाराच्या काट्यावर रोज वजन. पहिल्या दिवशी ३१० ग्रॅम. चौथ्या दिवशी ३०५. त्या दिवशी घरात कुणी बोलले नाही. आठव्या दिवशी ३७०. दुकानदार स्वतःच ओरडला, "भाऊ, साठ ग्रॅम नफा!"

आता इथे हकिकतीत दुसरे एक लेकरू येते.

आमच्या शेजारच्या खोलीत एक कुटुंब आहे. मुलगा रिक्षा चालवतो. त्याला २०२४ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली. तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, आणि टाळूही. बारसे झाले नाही. आजींनी बाळाचे तोंड पदराने झाकून ठेवले होते. आम्ही भेटायला गेलो तर त्या म्हणाल्या, "भाऊ, काय सांगू. कोजागिरीला गिराण हुतं. हिला सांगितलं, इळीला हात लावू नको. हिनं मेथी निवडून चिरली. आता भोगा."

ती पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. वीस-एकवीस वर्षांची. तिला बाळासकट माहेरी परभणीकडे धाडायचे ठरत होते, 'तोंड नीट होईपर्यंत'. तोंड आपोआप नीट कसे होणार, हे कुणी विचारत नव्हते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो होते आणि डोक्यात ग्रहण ठाण मांडून होते. आम्ही दोन शब्द बोलून पाहिले. आजी म्हणाल्या, "तुमी शिकल्याली मानसं. आमाला आमचं कळतं." आम्ही गप्प परतलो. भाषण करून असले प्रश्न सुटत नाहीत, हे वीस वर्षांच्या चळवळीने आम्हाला शिकवले आहे.

संक्रांतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. संध्याकाळी सौ. ओटीवर बसून शेंबड्याला नळीने दूध देत होत्या. शेजारची सूनबाई पाण्याची कळशी घेऊन चालली होती, ती थांबली.

"काकू, ह्याला नळीनं का?"

सौ.नी पिल्लाचे तोंड उघडून दाखवले. ती कळशी खाली ठेवून वाकली. बराच वेळ पाहत राहिली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "काका, ह्याच्या आईनं ग्रहणात काय चिरलं हुतं?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. सुचायची गरजही नव्हती. ती तिथेच बसून रडली, आणि रडता रडता हसली. जन्मात पहिल्यांदा तिला कुणीतरी निर्दोष ठरवले होते, आणि ते जिन्याखालच्या काळ्या कुत्रीने.

पुढच्या फेरीत आम्ही डॉक्टर मॅडमना खोदून विचारले. त्या म्हणाल्या, कुत्रीचा गर्भ साधारण ६३ दिवसांचा. त्यात चौथ्या आठवड्याच्या आसपास टाळूच्या दोन बाजू मधोमध येऊन जुळतात. तेव्हा जुळल्या नाहीत तर फट राहते. कारणे अनेक : कधी रक्ताच्या नात्यातून येते, कधी आईचे खाणे निकृष्ट, फॉलिक अ‍ॅसिड कमी, कधी गाभण असताना दिलेली काही औषधे. पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. माणसाचेही असेच. फक्त दिवस वेगळे.

ते दिवस आम्ही माणसांच्या डॉक्टरांकडून समजून घेतले. बाळाचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. आम्ही हिशेब मांडला आणि आजींसमोर बसलो. "आजी, कोजागिरीचं ग्रहण २८ ऑक्टोबरला लागलं. तेव्हा सुनेला कितवा होता?"

"सातवा."

"ओठ आणि टाळू तिसऱ्या महिन्यातच होऊन जातात. म्हणजे ग्रहण लागायच्या चार महिने आधीच बाळाचं तोंड जसं व्हायचं तसं झालं होतं. मेथीनं मागं जाऊन फाडलं का?"

आजी काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर आल्या. शेंबड्याला मांडीवर घेतले, त्याचे तोंड स्वतः उघडून पाहिले, आणि म्हणाल्या, "परळला मानसाच्या पोराचं बी करत्यात का?"

सूनबाई परभणीला गेली नाही.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने मात्र आम्हाला फैलावर घेतले. "वस्तीत पाणी तीन दिवसांआड येतं, पोरं बेकार आहेत, आणि तुम्ही कुत्रं घेऊन लोकलने हिंडता? माणसांचं आधी बघा की!" प्रश्न खोटा नव्हता. टाटाच्या फुटपाथवरून टोपली घेऊन जाताना तोच प्रश्न आम्हीही स्वतःला विचारला होता. तिथे जालन्याकडचा एक गृहस्थ पत्नीच्या उपचारासाठी दीड महिना बसून होता. त्याने टोपलीत काय आहे ते विचारले. आम्ही खजील होऊन सांगितले. तो रागावेल असे वाटले. त्याने पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवले, बायकोला हाक मारली, "अगं, हे बघ," आणि ती माउली त्या दिवशी पहिल्यांदा हसली, असे तो म्हणाला.

सहकाऱ्याला आम्ही एवढेच सांगितले : गिरनारच्या खडकावर सम्राट अशोकाचा दुसरा लेख कोरलेला आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा या दोन्हींची सोय केल्याचे एकाच दमात सांगितले आहे. औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या, रस्त्यांवर विहिरी खोदल्या, झाडे लावली, पशूंसाठी आणि माणसांसाठी. आधी हे आणि मग ते, असा हिशेब त्या राजाने घातला नाही. करुणेचे रेशनकार्ड नसते. पाण्याचा मोर्चा आम्ही चुकवला नाही, हेही त्याला सांगितले.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शेंबड्याचे ऑपरेशन झाले. वजन ४ किलो १०० ग्रॅम; त्याच्या भावंडांपेक्षा पुष्कळ कमी, पण आमच्या वहीत तो विक्रम होता. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावले : टाळूवरची कातडी दोन्ही कडांनी सोडवून मधोमध सरकवायची आणि दोन थरांत शिवायची. टाके आपोआप विरघळणारे. आम्ही बाहेर बाकावर दीड तास बसलो. शेजारी आमच्याबरोबर मुद्दाम आलेली सूनबाई, तिच्या मांडीवर बाळ. बाळाचे तोंड आता पदराने झाकलेले नव्हते.

दोन रात्री त्याला तिथेच ठेवले. नंतर घरी आणला तो गळ्यात प्लास्टिकचे मोठे नरसाळे घालून, म्हणजे पंजाने तोंड खाजवता येऊ नये. पोरे हसून लोळली. पण पथ्य कडक होते. महिनाभर फक्त मऊ आणि गुळगुळीत खाणे : भात-अंडे कुस्करून, पातळ खिमट. हाड नाही, काडी नाही, खेळणे नाही. साडेतीन महिन्यांच्या पिल्लाला सगळे जग चावून बघायचे असते. म्हणून आमच्या मजल्यावरच्या अकरा खोल्यांतल्या सगळ्या चपला महिनाभर खिळ्यांना टांगलेल्या होत्या. कुणीही तक्रार केली नाही. 'जाऊ द्या, मरेल' म्हणणारेच येता-जाता पोरांना दम देत होते, "काडी टाकू नका रे खाली!"

नवव्या दिवशी खिमट खाताना नाकाशी पुन्हा एक बुडबुडा आला. सौ.नी आमच्याकडे पाहिले. त्या रात्री आम्ही दोघे जागेच होतो. सकाळी पहिल्या गाडीने परळ. मॅडमनी पाहून सांगितले, "मागचा सगळा जुळलाय. पुढे डाळीएवढं भोक राहिलंय. घाबरू नका, पुष्कळांना दुसऱ्यांदा टाके लागतात. जखम नीट भरू द्या, मग बघू." जूनमध्ये ते भोकही शिवले. तेव्हापासून नाक कोरडे आहे. लस झाली, आणि पुढे नसबंदीही केली, कारण हे व्यंग पुढच्या पिल्लांत उतरू शकते. नाव बदलून 'राजा' ठेवायचा पोरांनी प्रयत्न केला. तो ढुंकून पाहत नाही. शेंबड्या म्हटले की धावत येतो.

आणि बाळ? एप्रिल २०२४ च्या शेवटी, पावणेचार महिन्यांची असताना, तिच्या ओठाचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी वजन पाच किलोच्या आसपास आणि रक्त दहा ग्रॅमच्या वर आहे ना, ते पाहून तारीख दिली. खर्च एका धर्मादाय योजनेतून झाला. दाराबाहेर आजी आमच्या सौ.चा हात धरून बसल्या होत्या. मग राहिलेले बारसे झाले. टाळूचे ऑपरेशन फेब्रुवारी २०२५ मध्ये झाले. त्यानंतर उच्चार शिकवणाऱ्या बाई तिला 'प', 'ब', 'क' गिरवायला लावत, कारण टाळू फाटका असला की हवा नाकातून निसटते आणि हीच अक्षरे अडतात. तिचे पहिले स्वच्छ अक्षर आम्ही आमच्या कानांनी ऐकले. जिन्याखाली झोपलेल्या शेंबड्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "भू." आजींनी सगळ्या मजल्याला बोलावून तिला ते पुन्हा चारदा म्हणायला लावले.

वाचकहो, शेवटी कामाचे सांगतो, कारण कुणाच्या तरी गल्लीत आज असे बाळ पदराआड असेल. ते लपवू नका. त्याला बसते धरून चमच्याने थोडे थोडे दूध पाजा आणि लगेच मोठ्या दवाखान्यात दाखवा. ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळू नऊ ते अठरा महिन्यांत शिवतात. अनेक ठिकाणी हे मोफत होते. नसेल माहीत तर सरकारी दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात विचारा. मिर्झापूरच्या पिंकी नावाच्या अशाच एका मुलीवरच्या 'स्माईल पिंकी' या माहितीपटाला २००९ मध्ये ऑस्कर मिळाले होते. पोरांना दाखवता आला तर दाखवा. आणि मुख्य म्हणजे तिच्या आईला विळीचा जाब विचारू नका. तिच्या हातून काही चुकलेले नाही.

आमचा प्रवास सात स्टेशनांचाच. पण आमच्या मजल्यावरून एक ग्रहण सुटले. चपला आता पुन्हा दाराशी आहेत, आणि त्यातली डाव्या पायाची बहुतेक रोज शेंबड्याच्या तोंडात असते. आम्ही काही बोलत नाही. टाळू शाबूत असल्याचा तो दाखला आहे.